आगोट भरताना : पूर-वादळासाठी घरात काय ठेवावं?

वाशिष्ठीकाठ

मे सरत आला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या साठ्याची, घाई सुरू होते. तांदूळ निवडून भरायचे, डाळींना ऊन द्यायचं, मिरच्या कुटून आणायच्या, आमसुलं, चिंचेचे गोळे, सुकी मासळी, सांडगे, पापड. पिढ्यान् पिढ्या हे चालत आलंय आणि उत्तम चालत आलंय. पण त्यामागचा हिशेब चार महिन्यांच्या पावसाचा आहे. बाजार महागेल, मासळी मिळणार नाही, कडधान्य वाळणार नाही, एवढंच त्यात धरलेलं. वीज नाही, नळाला पाणी नाही, रस्ता तुटलाय आणि तळमजल्यात पाणी शिरलंय, असे चार-पाच दिवस आले तर भरलेल्या आगोटीतलं नेमकं काय पोटात जाईल, हा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हा धागा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. कित्येक घरांत साठा भरपूर होता. तांदळाची पोती, डाळींचे डबे, भरलेला सिलिंडर, सगळं तळमजल्यावर. माणसं जीव घेऊन वर चढली आणि वर काहीच नव्हतं. माझ्या नणंदेकडे लहानथोर सगळी चुरमुरे आणि गुळावर निभावली, कारण तेवढाच एक डबा माळ्यावर ठेवलेला होता.

म्हणून माझं मत असं, की घरात दोन वेगळे साठे हवेत. एक महिन्या-दोन महिन्यांची नेहमीची आगोट. दुसरा चार दिवसांचा डबा, ज्यातलं काहीही चूल न पेटवता खाता येईल आणि जो घरातल्या सगळ्यात उंच जागी असेल. हा डबा मी असा भरते : माणशी दिवसाला २०० ग्रॅम पोहे, १०० ग्रॅम सातूचं पीठ, १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि डाळं मिळून, ७५ ग्रॅम गूळ. याचे साधारण १८०० उष्मांक होतात. मोठ्या माणसाला बसून काढायच्या दिवसांत ते पुरतात. चार माणसं, चार दिवस धरले तर सगळं मिळून आठ किलोच्या आत बसतं. घट्ट झाकणाचा एकच प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. त्यातच मीठ, मेतकूट, कोरडी लसणीची चटणी.

पोहे नुसते पाण्याने भिजवले की झाले. सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवलं की पोटभरीचं होतं, आणि गहू-डाळं आधीच भाजलेलं असल्याने कच्चं लागत नाही. आपल्या आज्यांनी हे पदार्थ प्रवासासाठी शोधून ठेवलेत, ते आपण बाजूला सारून बिस्किटं भरतो याचं मला वाईट वाटतं.

तुमच्याकडे काय ठेवतात, किती टिकतं, काय खराब होतं, सविस्तर लिहा.

कृष्णाकाठचा

ताई, चांगला विषय काढलात. मी सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेल्याने कित्येक दिवस बंद होता. दूध, गॅस, भाजी, पेट्रोल, काहीच येत नव्हतं. म्हणजे ज्यांच्या घरात पाणी आलं नाही त्यांचेही हाल होतेच. चार दिवसांचा डबा पूरग्रस्तांसाठीच असतो असं समजू नये. उंचावरच्या घरालाही तो लागतो.

आमच्या भागात धान्य वर्षाचं भरतात. ते टिकवायचं शहाणपण जुनं आहे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल बहुतेकांनी ऐकलं असेल. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड बंद. आत माल श्वास घेतो, हवेतला प्राणवायू संपतो आणि कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं, माणूस गुदमरतो. आत हवा खेळू दिल्यावरच जाणता माणूस उतरतो. हीच गोष्ट आज घट्ट बूच असलेल्या ड्रममध्ये होते. अट एकच, भांडं काठोकाठ भरलेलं हवं आणि सारखं उघडायचं नाही. अर्ध्या रिकाम्या डब्यात किडीला पुरेल इतकी हवा राहते. त्यामुळे एक मोठी कोठी भरण्यापेक्षा पाच-पाच किलोचे डबे भरा, एक संपला की दुसरा उघडा.

आणि २००५ च्या पुरात याच पेवांत पाणी शिरून हळद गेली. टिकवायची पद्धत कितीही चांगली असली तरी जागा चुकली की सगळं गेलं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

मुक्ताई_७७

छान धागा. सातूच्या पिठाचं प्रमाण द्या ना कोणीतरी.

वाशिष्ठीकाठ

मुक्ताई, आमच्याकडे दोन वाट्या गव्हाला एक वाटी डाळं. गहू ओलसर करून, फडक्यात बांधून, मग कोरडे होईपर्यंत वाळवून खमंग भाजायचे. डाळं नुसतं गरम करायचं. थोडी वेलची, सुंठ घालून दळायचं. सुंठ सोडू नका, भिजक्या हवेत पोटाला बरी पडते.

हर्णैकर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात वीज कित्येक आठवडे नव्हती. काही वाड्यांत तर महिना उलटून गेला. त्यावरून एक मुद्दा मांडतो, जो टिकाऊ धान्यांच्या याद्यांमध्ये कुठेच सापडत नाही.

घरात गहू होता, ज्वारी होती, नाचणी होती. सगळं अख्खं. धान्य अख्खं ठेवलं की टिकतं, हे आपण शिकलेलो. पण वीज नाही म्हणजे गिरणी नाही. जातं कोणाच्या घरी राहिलंय? ज्यांच्याकडे होतं त्यांच्या ओटीवर अख्खी आळी दळायला बसली. म्हणून कोकणात तरी दीर्घ साठ्यात पहिला मान तांदळाला द्या. तो जसा आहे तसा शिजतो. त्यासोबत तांदळाच्या कण्या, गव्हाचा दलिया, रवा. आणि अख्खं धान्य ठेवणारच असाल तर घरातलं जातं विकू नका, त्याच्या तळ्यांना टाकी लावून खरखरीत करून घ्या.

नाचणीबद्दल मात्र मला आदर आहे. इतका बारीक दाणा की सोंडे, टोके असले किडे तिच्या वाटेला जात नाहीत. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं राहते. भाजून ठेवली तर पाट्यावर-खलबत्त्यातसुद्धा भरड होते, तिची आंबील होते.

कडधान्यांत कुळीथ. कुळथाचं पीठ आधीच भाजून दळलेलं असलं तर पिठी दहा मिनिटांत होते, गॅस कमी जळतो. कडवे वाल चवीला राजा, पण भिजवा, मोड आणा, सोला, शिजवा. आपत्तीत एवढं पाणी आणि इंधन कुठून आणणार?

सुकट, जवळा, बोंबील, सोडे यांच्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

शीतलहरी

हर्णैकर, सुक्या मासळीची वाट बघतेय. दरम्यान एक प्रश्न : बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू का होतं? गव्हाचं तर महिनाभर राहतं.

प्रयोगवही

शीतलहरी, मी अन्नतंत्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर.

बाजरीत स्निग्धांश जास्त आहे आणि तो फोडणारं विकरही (एन्झाइम) दाण्यातच असतं. दाणा अख्खा असेपर्यंत दोघं वेगळे राहतात. दळलं की एकत्र येतात, वर हवा लागते आणि कडवटपणा सुरू होतो. हातसडीचा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा लवकर खवट होतो तोही याच कारणाने, कोंड्यात तेल असतं. एरवी हातसडीचाच खा, साठ्यात मात्र पांढरा ठेवा. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं यांनाही हाच नियम. शेंगदाणे टरफलासकट जास्त टिकतात, भाजलेले दोन महिन्यांत बदला, आणि कूट कधीच साठवू नका.

बुरशी लागलेला शेंगदाणा निवडून बाकीचे खायचे, असं बरेच जण करतात. कृपा करून करू नका. शेंगदाण्यावरच्या पिवळट-हिरव्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने, उकळल्याने पुरतं नष्ट होत नाही.

टिकण्याच्या बाबतीत तीन शत्रू : ओलावा, उष्णता, हवा. धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. घरी मोजायचं साधन म्हणजे दात. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, चेपला गेला तर अजून ऊन हवं. ऊन दिल्यावर धान्य पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा, नाहीतर झाकणाखाली पाणी सुटतं. डबे गॅसच्या ओट्यावरच्या फळीत ठेवू नका, ती स्वयंपाकघरातली सगळ्यात उष्ण जागा.

अख्ख्या कडधान्यात भुंगेरे पडतात, कारण त्यांची अंडी बऱ्याचदा शेतातच घातली गेलेली असतात. सोललेल्या, फोडलेल्या डाळीला ते फारसे लागत नाहीत. त्यामुळे साठ्यासाठी डाळ बरी. एरंडेलाचा हात फिरवलेली तूरडाळ आजही उत्तम टिकते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला घाला, ओला पाला स्वतःच ओलावा आणतो.

आता जे घालू नये ते. पाऱ्याच्या गोळ्या अजून काही घरांत धान्यात असतात, त्या ताबडतोब काढा, पारा विषारी आहे. बोरिक पावडरला अन्नात परवानगी नाही. आणि कोठारांत वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही आणू नका. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत धान्याला या गोळ्या लावून शेजारी झोपलेली कुटुंबं दगावलेली आहेत.

कृष्णाकाठचा

प्रयोगवही, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. आमच्याकडे खताच्या दुकानात त्या गोळ्या मागणारे लोक अजून येतात. हा परिच्छेद मी गावच्या ग्रुपवर पाठवतोय.

हर्णैकर

सुकी मासळी. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून आमच्याकडे ती हवीच. पण ती कडकडीत उन्हातली हवी. बोंबील वाकवला तर मोडला पाहिजे, लवला तर पावसात त्याला वास येणार. वर्तमानपत्रात गुंडाळून, मग पिशवीत, मग डब्यात. उघडीप मिळाली की परत ऊन. लालसर बुरशी दिसली की फेकून द्या. जवळा भाजून भरला तर जास्त राहतो आणि चुरून नुसत्या भाताबरोबर जातो.

गोव्यात मडगावला मे-जूनच्या सुमाराला पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे पावसाळी साठवणीची जत्रा, भरतं, होली स्पिरिट चर्चच्या परिसरात. खारवलेली मासळी, चिंच, सोलां (आमसुलं), मिरच्या, कांदे, सगळं एका जागी. माल बघून घ्यायचा कसा हे तिथल्या बायकांकडून शिकावं.

सिस्टरताई

हर्णैकर, मासळी आगोटीत जरूर असावी, पण चार दिवसांच्या डब्यात सुकी मासळी, लोणचं, पापड यांवर भर देऊ नका. पाणी मोजून प्यायची वेळ असते तेव्हा खारट खाण्याने तहान वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांना तर ते सरळ अपायकारक. मी पूरकाळात छावणीत काम केलंय. लोक उपाशी असण्यापेक्षा हगवणीने आणि पाण्याअभावी जास्त खचलेले असतात.

म्हणून अन्नाच्या आधी पाणी. माणशी दिवसाला किमान तीन लिटर, प्यायला आणि थोडं शिजवायला. चार माणसं, चार दिवस, म्हणजे जवळजवळ ५० लिटर. पावसाचा इशारा आला की कळशा, पिंप, कुकर, जे असेल ते भरून वरच्या मजल्यावर. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाणी आधी निवळून गाळा, मग खळखळून उकळा. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रव, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच.

जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ मापापेक्षा जास्त नको. यासाठी साखर-मीठ डब्यात वेगळं ठेवा, नाहीतर आधी चहात संपतं.

तान्ह्या बाळाला आईचं दूध असेल तर तेच, पुरात बाटली उकळणं जमत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मध कितीही टिकत असला तरी त्यातून बाळांना बोट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. मधुमेह्यांसाठी डब्यात डाळं, शेंगदाणे जास्त, गूळ कमी, पण साखर उतरली तर लागणारं गोड काहीतरी जवळ हवंच. औषधं पंधरा दिवसांची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच ड्रममध्ये.

चाळीतला_संसार

सगळं वाचलं. पण मी मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. इथे ड्रम कुठे ठेवू? आणि एकदम आठ किलो सामान आणून बाजूला ठेवायचं तर महिन्याच्या खर्चाला खड्डा पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आम्ही सगळेच अडकलो होतो. गरज कळते, पण जमवायचं कसं?

फुजीच्या_गावात

चाळीतला संसार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित माझ्याकडे आहे. मी तोक्योजवळ राहते. इथे भूकंपासाठी प्रत्येक घराने किमान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं अन्न-पाणी ठेवावं असं सरकार सांगतं. इथली घरंही इवलीशीच. पूर्वी लोक पाच वर्षं टिकणारी खास पाकिटं आणून कपाटात टाकत आणि विसरत. आता भर वेगळ्या पद्धतीवर आहे : रोज खातो तेच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी खायचं, जेवढं खाल्लं तेवढं परत आणायचं. वेगळा साठा नाही, वेगळा खर्च नाही, काही मुदत उलटून फुकट जात नाही.

तुम्ही या महिन्यात पोह्याचं एक पाकीट जास्त आणा. पुढच्या महिन्यात गूळ-शेंगदाणे. दोन-तीन महिन्यांत साठा उभा राहतो. जागा म्हणाल तर पलंगाखाली एक चपटा डबा. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर तेवढं चालेल, तळमजल्याला मात्र फळीच हवी.

इथे शिजवून वाळवलेला भात मिळतो. गरम पाणी घातलं तर पंधरा मिनिटांत, गार पाण्यात तासाभरात खाण्याजोगा होतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लगेच पोहे आठवले. आपल्याकडे तर ही सोय प्रत्येक किराणा दुकानात, तीही स्वस्तात.

सोलापूरकरीण

कडक भाकरीचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही! ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी, तव्यावर दाबून दाबून पूर्ण कोरडी केलेली. नीट बांधून ठेवली तर महिनाभर सहज राहते. चुरून तेल-शेंगाचटणीबरोबर खा, नाहीतर गरम आमटी ओता. शेतावर, वारीला, प्रवासाला तीच असते. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला मदत पाठवताना आमच्या गल्लीतल्या बायकांनी चपात्यांऐवजी हीच केली. चपात्या पोत्यात घालून पाठवल्या की दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात, हे मदत पाठवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. आणि बाजरीच्या पिठाच्या कडवटपणावर हा तोडगाही आहे, ताज्या पिठाची कडक भाकरी करूनच ठेवायची.

शीतलहरी

तयार जेवणाच्या पाकिटांचं काय? पावभाजी, राजमा वगैरे मिळतात ती.

प्रयोगवही

चांगली असतात. जाड पाकिटात भरून, सील करून, मग १२१ अंशांच्या आसपास दाबाखाली निर्जंतुक केलेली. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने आपल्या सैन्यासाठी या तंत्रावर पुष्कळ काम केलंय. तशीच थंड खाता येतात, फ्रिज लागत नाही. महाग आहेत आणि मीठ जास्त असतं, म्हणून दोन-चार पुरेत. फुगलेलं पाकीट किंवा डबा न चाखता टाका.

मात्र हे घरी करायला जाऊ नका. भाजी उकळून बरणीत भरून झाकण गच्च लावलं म्हणजे ती टिकत नाही. बोट्युलिझमचे जंतुबीज साध्या उकळीने मरत नाहीत. लसूण-तेल बाहेर ठेवायचं नाही तेही यासाठीच. लोणचं टिकतं ते आंबट आणि मिठामुळे, म्हणून त्यातलं मीठ आणि तेल कमी करण्याचा मोह टाळा.

वेष्टनावर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ लिहिलेलं असेल तर ते चवीबद्दल असतं, त्यानंतर वास-रंग पाहून ठरवता येतं. ‘अमुक तारखेच्या आत वापरा’ असेल तर मात्र तारीख पाळा.

वाशिष्ठीकाठ

किती भर पडली धाग्यात! कडक भाकरी माझ्या डब्यात आजपासून. जातं माहेरी आहे, तेही आणते.

भाजीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. पिकलेला लाल भोपळा, कोहळा सुंभाने आढ्याला टांगला की महिनोन् महिने राहतो, देठ मात्र शाबूत हवा. सुरण, कणगर कोरड्या वाळूत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि लसूण टांगूनच ठेवा, पिशवीत नको. आणि हे सगळं आपसूक उंचावर असतं.

हर्णैकर, गॅस वाचवायचं काही सांगता का?

हर्णैकर

डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून घ्यायचे. तुरीपेक्षा मुगाची डाळ घ्या, लवकर शिजते. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद करून कुकर गोधडीत गुंडाळून ठेवायचा, आतल्या वाफेवर खिचडी होते. पाच किलोचा छोटा सिलिंडर वरच्या मजल्यावर नेता येतो, १४.२ किलोचा भरलेला ऐनवेळी चढवता येत नाही.

सिस्टरताई

पाणी ओसरल्यावरचं एक राहिलं. पुराच्या पाण्याने भिजलेलं धान्य धुऊन, वाळवून खायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, डिझेल, सगळं असतं. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या-बरण्या बुडाल्या असतील तर त्याही टाका, आट्यांतून पाणी आत गेलेलं असतं. न पोचलेले, न गंजलेले सीलबंद पत्र्याचे डबे तेवढे साबणाने आणि नंतर क्लोरीनच्या पाण्याने धुऊन वापरता येतात, लेबल आधी काढून. आत काय आहे ते मार्करने डब्यावर लिहा.

चाळीतला_संसार

फुजीच्या गावात, आज पोह्याचं एक पाकीट जास्त आणलं. सिस्टरताई, पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन घेतले तर चालतील ना? वीसचा उचलून ठेवायला जागा नाही.

सिस्टरताई

उलट बरेच. एक फुटला तरी बाकीचं पाणी राहतं, आणि म्हातारं माणूसही उचलू शकतं. नळाचं पाणी भरत असाल तर इशारा मिळाल्यावर ताजं भरा, आणि कॅन आधी आतून धुऊन पूर्ण वाळवा.